पाण्याखाली ‘चालतंय’ म्हणू नका



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत लोणच्यावरची बुरशी, जरीच्या साडीवरचा तेलाचा डाग आणि दहावीतल्या मुलाची टाळाटाळ हे तीन विषय कधी चुकत नाहीत. या खेपेला मात्र एक अगदी निराळं पत्र आलं. पत्र लिहिणाऱ्या ताईंच्या लग्नाला या वर्षी पंचवीस वर्षं होताहेत. मुलगा नि सून त्या दोघांना मालदीवला घेऊन जाणार आहेत. ताई लिहितात, ‘तिथं किनाऱ्यावरूनच समुद्रात उतरवतात आणि तोंडात नळी देऊन प्रवाळ बघायला नेतात म्हणे. सूनबाईनं माझंही नाव घातलं आहे. लहानपणी विहिरीत पोहायची, पण त्याला आता तीस वर्षं झाली. नाही म्हणावं तर पोरं हिरमुसतील, हो म्हणावं तर पोटात गोळा येतो. काय करू?’

हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. मुलं मिळवती झाली की हौसेनं आईवडिलांना कुठं कुठं नेतात, आणि आपल्यासारख्या बायका काठावर चपला नि पर्सा सांभाळत बसतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं, भाऊजी नि जाऊबाई असे चौघं मालदीवला गेलो होतो, तेव्हा मी स्वतः हे करून पाहिलं आहे. शिवाय हा लेख लिहिण्याआधी आमच्या डॉक्टरीणबाईंनाही चार गोष्टी विचारून घेतल्या.

उत्तर आधीच सांगून टाकते. ताई, जरूर जा. फक्त आपली एक जुनी सवय घरी ठेवून जा. कोणती, ते ओघात येईलच.

कंकणासारखी बेटं

मालदीव म्हणजे हिंदी महासागरातली सुमारे १२०० छोटी छोटी बेटं. ती विखुरलेली नाहीत, गोलाकार कड्यांमध्ये ओवल्यासारखी आहेत. अशा कड्याला इंग्रजी भूगोलात ‘अटॉल’ म्हणतात आणि तो शब्द मूळचा तिथल्याच दिवेही भाषेतला. आपल्या पुस्तकांत त्याला ‘कंकणद्वीप’ असं सुरेख नाव आहे. वर्गात हा शब्द आला की मी मुलींना हातातली बांगडी काढून फळ्यावर टेकवून दाखवते. समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी हळूहळू खचत जातो, त्याच्या काठानं वाढणारं प्रवाळ मात्र उजेडाच्या ओढीनं वर वर येत राहतं. शेवटी मधला डोंगर बुडतो आणि प्रवाळाचं कडं तेवढं उरतं. चार्ल्स डार्विननं १८४२ साली हे कारण मांडलं होतं.

प्रवाळ म्हटलं की आपल्याला मंगळाच्या अंगठीतलं पोवळं आठवतं. ते लाल पोवळं वेगळ्या जातीचं आणि मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. इथलं प्रवाळ म्हणजे तिळा-मुगाएवढ्या असंख्य प्राण्यांची वसाहत. प्रत्येक जण स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो. त्याच्या अंगात एक सूक्ष्म शेवाळ भाडेकरूसारखं राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा भाडं म्हणून घरमालकाला देतं. प्रवाळाचा रंगही बराचसा या भाडेकरूचाच. समुद्राचं पाणी फार दिवस जास्त तापलं की हा भाडेकरू घर सोडतो, प्रवाळ पांढरं पडतं, आणि पाणी वेळेवर निवलं नाही तर उपाशी मरतं. मालदीवमध्ये १९९८ साली आणि पुन्हा २०१६ साली असं फार मोठ्या प्रमाणावर झालं. म्हणून रंगीत चित्रं पाहून जाऊ नका. काही ठिकाणी राखाडी खच दिसेल, काही ठिकाणी त्या खचावरच नव्यानं उगवलेली हाताच्या पंजाएवढी झुडपं दिसतील. ती पाहून मला जास्त बरं वाटलं.

या बेटांशी आपलं नातंही जुनं आहे, बरं का. देवीच्या माळेतली कवडी, सारीपाटावरची कवडी, आणि ‘फुटकी कवडी देणार नाही’ म्हणतो ती कवडी! एके काळी मालदीवहून गलबतं भरभरून कवड्या बंगालमध्ये येत आणि नाणं म्हणून चालत. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी मालदीवमध्ये काझी होता. कवड्या देऊन बंगाल्यांकडून तांदूळ घेतात, असं त्यानं लिहून ठेवलं आहे.

किनाऱ्यावरूनच का उतरावं?

मालदीवमधली पहिली हॉटेलं १९७२ साली निघाली. एका बेटावर एकच हॉटेल, अशी तिथली पद्धत आहे. हल्ली लोकवस्तीच्या बेटांवरही उतरण्याची सोय होते. बऱ्याच बेटांभोवती स्वतःचा प्रवाळखडक असतो, त्याला तिथं ‘हाऊस रीफ’ म्हणतात. म्हणजे अंगणातलाच बगीचा म्हणा ना! आधी कमरेएवढं शांत, पोपटी पाणी लागतं. मग खडकाचा सपाट माथा येतो. आणि मग एकदम कडा, जिथून प्रवाळाची भिंत निळ्या पाण्यात खाली उतरत जाते. बघण्यासारखं सगळं या कड्यावर असतं.

होडीतून लांब जाऊन उडी मारण्यापेक्षा आपल्यासारख्या नवख्या बाईला हा अंगणातला रस्ता बरा. होडीचं भाडं वाचतं, होडी लागून मळमळायचा प्रश्न नाही. भिजायला पायापासून सुरुवात होते, म्हणजे धीर यायला वेळ मिळतो. आणि मुख्य म्हणजे नको वाटलं तर पाय टेकायचे आणि चालत परत यायचं. होडीत दहा माणसं आपल्यासाठी खोळंबली आहेत हे दडपण नसतं.

पण सगळीच बेटं सारखी नसतात. कुठं कडा किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असतो, तर कुठं इतका लांब, की होडीशिवाय गत्यंतर नाही. म्हणून मुलाला बुकिंगच्या वेळीच तीन प्रश्न विचारायला सांगा. हाऊस रीफ आहे का? कडा किनाऱ्यापासून किती लांब? नवख्या माणसाला चालत जाऊन उतरता येतं का? शिवाय सामानाचं भाडं, शिकवणाऱ्याची फी आणि कर धरून एकूण आकडा किती, हेही लेखी मागून घ्या. भाजीवाल्याकडे आपण पन्नास प्रश्न विचारतो, इथं का लाजायचं?

निघण्यापूर्वीची तयारी

पोहता येत असेल तर उत्तमच. नवख्यांना नेतात ते शिकवणाऱ्याचा हात धरून, आणि १२ मीटरपेक्षा खोल नेत नाहीत. आधी कमरेएवढ्या पाण्यात सराव करून घेतात. तरीसुद्धा गावातल्या तलावावर महिनाभर जाऊन या. तोंड पाण्यात घालून शांतपणे राहता येणं, एवढं जरी जमलं तरी निम्मं काम झालं. पुढं रीतसर शिकायचं असेल तर मात्र २०० मीटर पोहून आणि दहा मिनिटं तरंगून दाखवावं लागतं.

कपड्यांची चिंता बायकांना फार असते. पोहण्याचा तोकडा पोशाख घालायलाच हवा असं मुळीच नाही. लांब बाह्यांचा, अंगाला बसणारा पोहण्याचा सदरा आणि पायघोळ लेगिंग्ज घाला. त्यावर ते रबरी सूट देतात, तो अंगभरच असतो. उन्हापासूनही बचाव होतो आणि अंगाला मलमं कमी फासावी लागतात. त्यातली काही मलमं प्रवाळाला बाधतात म्हणून काही देशांनी त्यांवर बंदीही घातली आहे. सुती सलवार-कमीज मात्र नको, ते भिजून जड होतं आणि पायात येतं. लोकवस्तीच्या बेटावर उतरला असाल तर रस्त्यानं फिरताना अंगभर कपडे हवेत, तिथली तशी रीत आहे.

दागिने सगळे खोलीतल्या कपाटात. काचेची बांगडी खडकावर फुटते, पाण्यात बोटं आकसून अंगठी निसटते, चकाकणाऱ्या डुलांना मासा तोंड घालण्याचा संभव असतो. मंगळसूत्राचं म्हणाल, तर ते पट्ट्यात नि बकलात अडकतं. अर्धा तास काढून ठेवायला मन घेत नसेल तर निदान सुटाच्या आत घट्ट दडपून ठेवा आणि तसं शिकवणाऱ्या माणसाच्या कानावर घाला.

केसांची वेणी मानेवर खाली घट्ट बांधा. मास्कच्या रबराखाली चार बटा जरी आल्या तरी पाणी झिरपत राहतं. चष्मा असेल तर आधी नंबर कळवा, नंबराची काच बसवलेले मास्क पुष्कळ ठिकाणी मिळतात.

आता एक नाजूक गोष्ट, जी कुणी मोकळेपणी विचारत नाही. महिन्याच्या त्या चार दिवसांत उतरावं का? अंगात त्राण असेल तर खुशाल उतरा. त्या वासानं शार्क येतात ही नुसती भीती आहे, त्याला पुरावा नाही. तिथल्या उथळ पाण्यात दिसणारे छोटे शार्क तर आपल्यालाच बिचकून पळतात. दिवस गेलेले असतील, किंवा तशी नुसती शंका असली, तरी मात्र उतरायचं नाही. त्यात तडजोड नाही.

तो कागद नीट भरा

उतरण्यापूर्वी एक छापील कागद हातात देतात. दमा आहे का, हृदयविकार, फिट्स, मधुमेह, कानाचं ऑपरेशन, छातीचं दुखणं, कसली औषधं चालू आहेत का? पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना रक्तदाब वगैरेचे आणखी काही प्रश्न असतात. एखाद्या महत्त्वाच्या प्रश्नाला ‘हो’ आलं की डॉक्टरांचा दाखला लागतो. आणि इथंच आपली ती सवय आडवी येते.

घरात कुणाला शिंक आली तरी आपण आल्याचा काढा उकळायला ठेवतो. स्वतःचा ताप मात्र सणवार उरकेपर्यंत कुणाला सांगत नाही. ‘काही नाही हो, चालतंय’ हे आपलं पालुपद. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून आपण ते म्हणत आलो आणि त्याबद्दल आपलं कौतुकही झालं, ‘किती सोशिक आहे हो सूनबाई!’ म्हणून. मग तो कागद समोर आला की हात आपोआप ‘नाही, नाही, नाही’ अशा खुणा करत सुटतो. कशाला उगाच दाखल्याची भानगड, पोरांचा विरस नको. जमिनीवर हे एक वेळ निभावून जातं. पाण्याखाली निभावत नाही.

म्हणून निघण्याआधी महिनाभर तो कागद मागवून घ्या, ओळखीच्या डॉक्टरांपुढे बसून भरा आणि दाखला इथूनच घेऊन जा. डॉक्टर ‘नको’ म्हणाले तर काठाजवळ मास्क लावून पाण्यावर पालथं तरंगता येईल का, ते त्यांनाच विचारा. खडकाच्या उथळ माथ्यावरचं बरंचसं वरूनही दिसतं.

पाण्यात उतरताना

पाठीवरच्या नळकांड्याला आपण सर्रास ऑक्सिजनचा सिलिंडर म्हणतो. त्यात ऑक्सिजन नसतो, आपली साधीच हवा दाबून भरलेली असते. नेहमीच्या सिलिंडरमध्ये सुमारे २२०० लिटर. वजन आपल्या घरच्या भरलेल्या गॅस सिलिंडरच्या निम्म्याच्या आसपास. जमिनीवर ते ओझं वाटतं, पाण्यात शिरलं की जाणवतही नाही. काठापर्यंत कुणाला तरी उचलून न्यायला सांगा आणि पाण्यात उभं राहून पाठीवर घ्या. यात कमीपणा कसला? पाठीचा कणा आपलाच आहे.

पायात रबरी बूट हवेत. पाऊल उचलून टाकू नका, वाळूतून सरकवत न्या, म्हणजे वाळूत दडलेला मासा आधीच बाजूला होतो. समुद्रसाळूचे काटे आणि दगडमासा यांच्यापासून बूटच वाचवतात. पायाला लावायचे ते बदकासारखे पंजे कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर, जोडीदाराच्या खांद्याला धरून चढवायचे. लाट येत असेल तर मास्क डोळ्यांवर आणि नळी तोंडात ठेवूनच चालायचं.

भरती-ओहोटी विचारून घ्या. पूर्ण ओहोटीला खडकाच्या माथ्यावर इतकं कमी पाणी राहतं, की प्रवाळ तुडवल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही. म्हणून बऱ्याच बेटांवर कड्यापर्यंत जायच्या वाटा खुणा करून ठेवलेल्या असतात, त्याच वाटेनं जा. प्रवाह कुठल्या दिशेला आहे हे रोज बदलतं. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध आणि येताना प्रवाहाबरोबर, हा साधा हिशेब. दमल्यावर परतीची वाट सोपी हवी. आणि निघताना केंद्रातल्या फळ्यावर नाव नि वेळ लिहायची, आल्यावर पुसायची. ते राहिलं तर तुम्ही खोलीत चहा पीत असाल आणि तिकडे शोधाशोध सुरू होईल.

कान आणि श्वास

दोनच गोष्टी पाठ करा. पहिली म्हणजे श्वास कधीही रोखायचा नाही. दर १० मीटरला आपल्या भोवतालच्या हवेइतकाच आणखी दाब वाढतो. १० मीटरवर छातीभर घेतलेली हवा वर येताना फुगून दुप्पट होते. श्वास रोखून वर आलात तर ती फुप्फुसाला इजा करते, मग खोली माणसाच्या उंचीएवढी का असेना. संथपणे घ्यायचा, संथपणे सोडायचा. स्वयंपाकघरातली धांदल तिथं नको.

दुसरी गोष्ट कानांची. खाली जाताना कानाच्या पडद्यावर बाहेरून दाब येतो. नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकली की आतला दाब सारखा होतो. हे पाण्यात शिरल्या शिरल्या सुरू करायचं, दर हातभर अंतराला करायचं, आणि दुखायच्या आधी करायचं. जोर लावायचा नाही. कान उघडत नसेल तर थोडं वर यायचं, पुन्हा करून पाहायचं. तरीही नाहीच जमलं तर त्या दिवसापुरतं बाहेर. सर्दी असताना उतरायचंच नाही. औषधानं नाक मोकळं करून उतरणंही वाईट, कारण औषधाचा अंमल खाली असतानाच संपला तर वर येताना कान अडकतो.

आमच्या जाऊबाईंचं नेमकं हेच झालं. विमानातल्या गारव्यानं त्यांना आदल्या दिवसापासून सर्दी होती. शिकवणारी मुलगी मालदीवचीच, हिंदी सिनेमे बघून चांगलं हिंदी बोलणारी. तिनं सकाळी विचारलं, ‘दीदी, सर्दी वगैरे?’ जाऊबाई म्हणाल्या, ‘नाही गं.’ खाली तीन-चार मीटरवर ती दर थोड्या वेळानं बोटांचं वर्तुळ करून विचारत होती, ‘ठीक?’ आणि या प्रत्येक वेळी वर्तुळ करून सांगत होत्या, ‘ठीक.’ मास्कच्या काचेतून त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मलाही दिसल्या, पण मला ती भीती वाटली. त्या मुलीनं मात्र ओळखलं. हात धरून हळूहळू त्यांना वर घेऊन गेली. मास्क काढला तेव्हा नाकातून थोडं रक्त आलं होतं. कानाच्या पडद्याला सूज आली आणि पुढे तीन आठवडे त्यांना त्या कानानं नीट ऐकू येत नव्हतं. ‘अहो, मग सांगितलं का नाही?’ म्हणून भाऊजी रागावले, तर म्हणाल्या, ‘तुम्हा सगळ्यांचा खोळंबा झाला असता. म्हटलं, होईल बरं.’

हे मी त्यांना विचारूनच लिहिते आहे. ‘लिही,’ म्हणाल्या, ‘माझ्यासारख्या खूप असतील.’ त्या मुलीनं नंतर त्यांची समजूत काढताना सांगितलं ते माझ्या ध्यानात राहिलं. पुरुष बढाई मारण्यासाठी लपवतात आणि बायका दुसऱ्याला त्रास नको म्हणून लपवतात, तिच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच धोक्याचं. पाण्याखाली ती आपल्या पोटात शिरून पाहू शकत नाही. आपण जी खूण करू ती खरी, असं समजूनच ती पुढे नेते.

खुणा सोप्या आहेत. अंगठा नि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ठीक. पसरलेला पंजा आडवा हलवला म्हणजे काहीतरी बिघडलंय, आणि मग जिथं बिघडलं तिथं बोट दाखवायचं. वर केलेला अंगठा म्हणजे ‘छान’ नव्हे हं, ‘वर चला’! या खुणेला कारण द्यावं लागत नाही आणि कुणी ‘का’ म्हणून विचारतही नाही. घरी आरशासमोर दुसरी नि तिसरी खूण दहा दहा वेळा करा. पहिली आपल्याला न शिकवताच येते.

खाली काय दिसतं?

एवढी भीती घातली, आता सुख सांगते. खाली पहिल्यांदा जाणवतो तो आपलाच श्वास. त्यानंतर एक कुरूम-कुरूम आवाज येतो. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा खडक कुरतडत असतो. शेवाळ पोटात ठेवून चुन्याचा चुरा मागून सोडून देतो. तिथल्या पांढऱ्याशुभ्र वाळूचा मोठा वाटा असा तयार होतो. हे कळल्यावर वाळूत लोळणाऱ्या आमच्या ह्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

समुद्रपुष्पाच्या झुबक्यात शेंदरी रंगाचे जोकर मासे राहतात. त्या कुटुंबात सगळ्यांत मोठी असते ती बाई आणि सत्ता तिचीच. ती गेली तर तिचा नवरा स्वतःच मादी होतो नि घर सांभाळतो. घ्या! खडकाच्या एका कोपऱ्यात बोटाएवढा निळा-काळा मासा आपलं सफाईचं दुकान मांडून बसलेला असतो. मोठाले मासे तिथं येऊन तोंड उघडून शांत उभे राहतात आणि तो त्यांच्या दातांतलं, कल्ल्यांतलं टिपून खातो. फिक्या निळ्या रंगाचे, पिवळ्या पाठीच्या काठाचे सर्जन मासे थव्यानं जातात. नशीब असेल तर एखादं कासव दिसतं, आपल्याकडे लक्षही न देता चरत असतं. एक मोठा ट्रिगर मासा मात्र अंड्यांवर असताना अंगावर धावून येतो. त्याची हद्द घरट्यापासून वर रुंद होत जाते, म्हणून वर पळायचं नाही, आडवं बाजूला निघून जायचं. लेकुरवाळी आहे, समजून घ्यायचं.

रंगांचंही नवल आहे. पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी हरवतो. कुंकवासारखा लालभडक पट्टा असलेला माझा हातमोजा दहा मीटरवर काळपट-तपकिरी दिसत होता. आणि मास्कच्या काचेमुळं प्रत्येक वस्तू साधारण तिपटीच्या जागी चौपट, म्हणजे एक-तृतीयांशानं मोठी दिसते. वर आल्यावर कुणी ‘एवढा मोठ्ठा मासा’ म्हणून हात पसरले तर त्यातले चार आणे कापून घ्या.

हात मात्र आवरा. प्रवाळाचे मोठे गोटे वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. आपल्या पायाच्या एका फटक्यात वीस वर्षांची वाढ जाते. शिवाय प्रवाळानं कापलेली जखम लवकर भरत नाही. आठवण म्हणून तुकडा, शिंपला, कवडी काही उचलू नका. प्रवाळ आणि कासवाच्या पाठीच्या वस्तू देशाबाहेर न्यायला मालदीवमध्ये बंदीच आहे. रिकाम्या शंखातही एखादा खेकडा बिऱ्हाड करून असतो.

वर आल्यावर

हवेचा काटा सुरुवातीला २०० वर असतो, ५० राहतात तेव्हा आपण पाण्याबाहेर असायला हवं. वर येणं अगदी सावकाश. दाबाखाली रक्तात नायट्रोजन विरघळतो. भसकन वर आलं तर गोटी सोड्याची बाटली फोडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. म्हणून शेवटच्या ५ मीटरवर तीन मिनिटं थांबतात. किनाऱ्यावरून उतरण्यात हे सोपं जातं, उतार चढत चढत, बघत बघत यायचं. याच कारणानं त्या दिवशी विमान नको. एकदाच उतरलं तर निदान १२ तास, अनेकदा उतरलं तर १८ तास जाऊ द्यायचे. सरळ शेवटचा पूर्ण दिवस कोरडा ठेवावा. भरपूर पाणी प्यावं. अंग दुखलं, मुंग्या आल्या, चक्कर आली, तर ‘दमले असेन’ म्हणून झोपू नका, लगेच सांगा.

मालदीवचा खर्च प्रत्येकीला झेपेल असं नाही. आपल्या मालवणलाही नवख्यांना पाण्याखाली नेतात. तिथलं प्रवाळ थोडं, पाणी गढूळ, पण कान, श्वास नि खुणांचे नियम तेच. पावसाळा सोडून जा.

हे एवढं कात्रण काढून प्रवासाच्या पिशवीत ठेवा:

१. कागदावर खरं लिहायचं. दाखला घरून न्यायचा.
२. सर्दी असेल किंवा दिवस असतील तर उतरायचं नाही.
३. दागिने खोलीत, केस घट्ट, पायात बूट.
४. श्वास रोखायचा नाही. कान दुखायच्या आधी मोकळे करायचे.
५. हात कशाला लावायचा नाही, काही उचलायचं नाही.
६. शेवटचा दिवस कोरडा.
७. अंगठा वर करायला लाजायचं नाही.

तर ताई, सूनबाईला होकार कळवा, आणि त्याच वेळी तिला हेही सांगून ठेवा की मी मध्येच वर येईन, तेव्हा कुणी तोंड पाडायचं नाही. तुमच्यासाठी दहा मिनिटं थांबायला लागलं तर थांबतील. पंचवीस वर्षं तुम्ही सगळ्यांसाठी थांबलात, त्यांना तेवढं जड जाणार नाही. आल्यावर पत्र टाका, काय काय पाहिलं ते इतर भगिनींनाही वाचायला आवडेल.